तुंगवाहिनीकडून सप्रेम भेट

दिगंबरराव भालकीकरांचं नाव आंध्रच्या यादीत निघालं, तेव्हा ते स्वतः ती यादी दोनदा वाचून आले. भालकीकर म्हणजे सुलतान बाजारचं जुनं घराणं. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील अप्पाराव नामपल्लीच्या कोर्टात वकील, आणि दिगंबरराव एकतीस वर्षं एकाच सरकारी महामंडळात. पण राज्य फुटलं, आंध्र हैद्राबादपासून वेगळं झालं, तसं महामंडळही फुटलं. वाटणीचा नियम असा की माणूस शाळेत जिथं शिकला, तिथला तो धरायचा. दिगंबररावांची आई आजारी असायची, म्हणून लहानपणी त्यांना कर्नूलला मामांकडे ठेवलं होतं. तेवढ्यावरून छप्पन्नाव्या वर्षी ते हैद्राबादचे राहिले नाहीत.

“मामानं सात वर्षं जेवू घातलं, ते असं अंगाशी आलं,” ते बायकोला म्हणाले.

कुसुमबाईंना हसू आलं नाही. त्या जवळच्याच मराठी शाळेत शिकवत. नोकरीची चार वर्षं उरली होती आणि शाळेत मराठी शिकवणाऱ्या दोघीच होत्या, एक त्या आणि दुसऱ्या मुख्याध्यापिका इंदुताई. सोडून जाणं शक्य नव्हतं. मग असं ठरलं की दिगंबररावांनी विजयवाड्याला दोन खोल्या घ्यायच्या आणि कुसुमबाईंनी हैद्राबादेतच, कोठी भागातल्या घरात राहायचं. दोन हजार सोळाचा जून महिना होता तो. रोज कुणाच्या ना कुणाच्या दारापुढं सामानाचा ट्रक उभा दिसायचा.

दिगंबररावांचं सामान फार नव्हतं. पलंग, कपाट, लहान फ्रिज, भांडी, कपडे आणि अप्पारावांची पुस्तकं. पुस्तकांचीच दोन मोठी खोकी झाली. अप्पाराव हातात पेन्सिल घेतल्याशिवाय वाचत नसत. समासात मराठीत लिहायचे, मध्येच उर्दूत. कुठं नुसतं ‘खोटं’, कुठं ‘हा अगदी आमच्या अशिलासारखा’. एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, ‘बाईला न्याय मिळाला नाही. अपील व्हावं.’ दिगंबररावांना विजयवाड्याच्या एकट्या संध्याकाळी ते सगळं एका वहीत उतरवून काढायचं होतं.

सामान कुणाकडून न्यायचं, यावरून थोडी वादावादी झाली. कोठीत उमाजी नावाचा ट्रकवाला होता. भालकीकरांच्या घरातल्या तीन लग्नांचं सामान त्याच्याच गाडीतून गेलेलं. दिगंबररावांच्या मनात तोच होता. कुसुमबाईंचं म्हणणं मात्र तुंगवाहिनी मूव्हर्सला काम द्यायचं.

तुंगवाहिनी मोठी कंपनी होती. निळे ट्रक, निळ्या कपड्यांतली माणसं. पण कुसुमबाईंना तिची ओळख वेगळ्याच वाटेनं झाली होती. त्यांच्या शाळेतल्या मुली दिवसदिवस पाणी पीत नसत. प्यायलं तर जायचं कुठं? मुलींसाठी धड संडास नव्हता. नववीतली एक मुलगी तर प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली होती. मागच्या वर्षी तुंगवाहिनीनं आपल्या समाजकार्यातून शाळेत चार संडास बांधले, वर टाकी बसवली, हात धुवायला आणि प्यायला नळ दिले. एवढं तर पुष्कळ जण करतात आणि पाटी लावून निघून जातात. पण यांचा माणूस दर महिन्याला येऊन नळांच्या तोट्या तपासून जायचा. कुसुमबाईंच्या मनात कंपनी बसली ती त्या माणसामुळं.

“उमाजीनं काय वाईट केलंय आपलं?” दिगंबररावांनी विचारलं.

“काहीच नाही. पण वाटेत त्याची गाडी बंद पडली तर तो कुणाला बोलावणार? यांच्याकडं पद्धत आहे. आणि लोकांच्या पोरींसाठी फुकट एवढं केलं, ते आपलं काम करताना हात राखतील का?”

“संडास बांधणं वेगळं, सामान नेणं वेगळं.”

“अहो, माणसं तीच ना?”

 काम तुंगवाहिनीला मिळालं. उमाजी रस्त्यात भेटला तेव्हा दिगंबरराव उगाचच दुसरीकडं बघत पुढं गेले.

निळ्या कपड्यांतली माणसं वेळेवर आली. अकरा खोकी बांधली, प्रत्येकावर आकडा आणि नावाची चिठ्ठी चिकटवली. दुसऱ्या दिवशी दुपारी विजयवाड्याहून फोन आला.

“कुसुम, नऊच आलीत.”

“म्हणजे?”

“बाबांची पुस्तकं आली नाहीत.”

“मागं राहिली असतील. येतील उद्या.”

“हौ, येतील,” दिगंबरराव म्हणाले.

आठवडा गेला, खोकी आली नाहीत. दिगंबररावांनी विजयवाड्याच्या शाखेत चौकशी केली. तिथला माणूस म्हणाला, सामान हैद्राबादला दिलंय, तक्रारही हैद्राबादलाच करायची. कुसुमबाईंनी हैद्राबादच्या नंबरावर फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, सामान विजयवाड्याला उतरलंय, फाइल तिकडं गेली. राज्याबरोबर कंपनीनंही आपले विभाग वेगळे केले होते, आणि कुठला कागद कुणाचा, ते त्यांचं त्यांनाच नीट उमगलेलं नव्हतं.

“दोन राज्यांच्या मधल्या फटीत पडलीत पुस्तकं,” दिगंबरराव फोनवर म्हणाले. “माझ्यासारखीच.”

फोन लावला की बराच वेळ थांबावं लागे. तोवर एक टेप वाजायची. एक गोड आवाज हिंदीतून सांगायचा की तुम्ही सामान पाठवता तेव्हा एका मुलीला शाळेत पाठवता. पहिल्या दोन वेळा कुसुमबाईंना ते ऐकून बरं वाटलं. चौथ्या वेळी त्यांनी फोन कानापासून दूर धरला, आणि दूर धरला याचंच त्यांना वाईट वाटलं. टेप खोटं बोलत नव्हती. त्यांच्या डोळ्यांदेखत मुली नळावर ओंजळी धरत होत्या.

शेवटी एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्या कंपनीच्या नामपल्लीच्या ऑफिसात गेल्या. चांगलं खडसावायचं, असं ठरवूनच गेल्या होत्या. रिक्षात त्यांनी वाक्यंही जुळवली होती. आत शिरल्या तर समोरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा फोटो. फोटोत त्यांच्याच सातवीच्या मुली. नळाशी उभ्या, तोंडावर पाणी, खदखदून हसतायत. पुढं उभी होती ती मुलगी कालच व्याकरणाच्या तासाला बोलणी खाऊन गेली होती.

त्या मुलींसमोर कुसुमबाईंचा आवाज चढेना. काउंटरवरच्या माणसाशी त्या इतक्या हळू बोलल्या की त्यानं दोनदा विचारलं, “क्या बोले अम्मा?” त्यानं काहीतरी टाइप केलं आणि कळवतो म्हणाला. बाहेर आल्यावर त्या बराच वेळ फुटपाथवर उभ्या राहिल्या. आपण तक्रार करायला आलो होतो की माफी मागायला, हेच त्यांना समजेना.

जुलैच्या अखेरीला कंपनीतूनच फोन आला. कुणीतरी मुलगी हिंदीत भराभरा विचारत होती. आमच्या कंपनीचं समाजकार्य तुम्हाला माहीत आहे का? आहे, कुसुमबाई म्हणाल्या. ते तुम्हाला कसं वाटतं? फार चांगलं. पाचपैकी किती गुण द्याल? कुसुमबाई मनात हिशेब करू लागल्या. पुस्तकांमुळं गुण कापावेत का? पण प्रश्न पुस्तकांचा नव्हता. निबंधाचे पेपर तपासताना त्या वाईट अक्षरासाठी आशयाचे गुण कधी कापत नसत.

“पाच,” त्या म्हणाल्या. “पण माझी दोन खोकी...”

“नोट कर लिया मॅडम,” म्हणत मुलीनं फोन ठेवला.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात इंदुताईंनी कुसुमबाईंना बोलावून घेतलं. इंदुताई साठीला टेकलेल्या, शाळेवर जीव टाकणाऱ्या. शाळेत एकशेचाळीस मुलं उरली होती आणि वरच्या मजल्याचं छत दोन पावसाळ्यांपासून गळत होतं.

“तुंगवाहिनी आपल्याला वाचनालय देतेय,” त्या आनंदानं म्हणाल्या. “मराठी पुस्तकं! या शहरात कोण देतं गं मराठी पुस्तकं? परवा कार्यक्रम आहे, त्यांचे बेंगळूरूचे मोठे साहेब येणार. आभाराचं तू बोल. आणि ऐक, छताचंही कानावर घातलंय मी. नाही म्हणाले नाहीत ते.”

पुस्तकांच्या चार पेट्या आल्या होत्या. आठवीतल्या दोन मुली आणि कुसुमबाई नोंद करायला बसल्या. पहिल्या पेटीत नवी कोरी बालपुस्तकं. दुसरीतही तीच. तिसरी उघडली तेव्हा जुन्या कागदाचा आणि कडुनिंबाच्या पानांचा वास आला. सासऱ्यांच्या कपाटातल्या पुस्तकांत दर चैत्रात त्या स्वतःच पाला घालून ठेवत.

त्यांनी वरचं पुस्तक घेतलं. पहिल्या पानावर निळा स्टिकर होता, ‘तुंगवाहिनीकडून सप्रेम भेट’. त्यांनी नखानं त्याचा कोपरा उचलला. खाली जांभळ्या शाईत सही होती. अप्पाराव भालकीकर, वकील, सुलतान बाजार.

“बाई, काय झालं?” एका मुलीनं विचारलं.

“काही नाही. तुम्ही लिहीत राहा.”

त्यांनी चौथी पेटीही उघडली. तिच्यात राहिलेली सगळी पुस्तकं होती. त्या तिथंच जमिनीवर बसून राहिल्या. पुस्तकं सापडली म्हणून झालेला आनंद खरा होता. पण त्याच्यामागोमाग काय आलं, त्याला नाव देता येईना. चोरी म्हणावं तर चोरानं माल उजळ माथ्यानं, पुढं कार्यक्रम ठेवून आणून दिला होता. दान म्हणावं तर ते त्यांच्याच घरातलं.

इंदुताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी स्टिकर पाहिला, मग सही पाहिली, मग खुर्चीत बसल्या.

“कुसुम, परवापर्यंत बोलू नकोस.”

“इंदुताई, ही आमची पुस्तकं आहेत.”

“आहेत ना. मी कुठं नाही म्हणते? कार्यक्रम होऊ दे, छताचं पत्र हातात पडू दे, मग तू भांड. मी तुझ्याबरोबर येऊन भांडेन. पण आत्ता नको गं.”

दिगंबररावांना फोन केला. त्यांनी कोणकोणती पुस्तकं आहेत ते विचारून घेतलं. मग म्हणाले, “उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं नामपल्लीच्या ऑफिसात गेले. कुसुमबाईंच्या पिशवीत एक पुस्तक होतं. आत जाताच पंचविशीतली एक मुलगी लगबगीनं पुढं आली. तिचं नाव तारामती. कंपनीचं समाजकार्य तीच बघायची, संडासांच्या वेळी शाळेत दोनतीनदा येऊन गेली होती. आईवडील निजामाबादकडचे, घरी मराठी, शिक्षण सगळं इंग्रजीत.

“बाई! उद्या तुम्हीच बोलणार ना? पुस्तकं बघितली का? मी स्वतः निवडली.”

कुसुमबाईंनी पुस्तक तिच्यापुढं ठेवलं आणि स्टिकर उचललेलं पान उघडलं. तारामतीनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. “अ... प्पा... राव. भा... ल...” ती थांबली. तिनं मान वर करून दिगंबररावांकडं पाहिलं.

“माझे वडील,” ते म्हणाले.

तिनं जे सांगितलं ते असं. विजयवाड्याला खोकी उतरवताना दोन भिजली आणि त्यांच्या चिठ्ठ्या निघून आल्या. तिकडच्या लोकांनी ती बेवारस म्हणून ट्रकमध्ये टाकून हैद्राबादच्या गोदामात परत पाठवली. पंचेचाळीस दिवस कुणी न्यायला आलं नाही तर असं सामान वाटून टाकायचं, हा नियम. पुस्तकं असतील तर ती तारामतीच्या विभागाकडं येत. खोकं उघडून तिनं मराठी अक्षरं पाहिली. रद्दीवाला दारात उभा होता. तिनं त्याला परत पाठवलं.

“मला वाटलं, कुणाचं तरी म्हातारं माणूस गेलं असेल आणि घरच्यांना पुस्तकं नको असतील. आमच्या आजीचं पण तसंच झालं. मग मी म्हटलं, मराठी शाळेत तरी जातील.” तिनं उचललेल्या स्टिकरला हात लावला. “हे गोदामातल्या मुलांनी लावले, सही मी पाहिलीच नाही. मला खरंच माहीत नव्हतं, बाई.”

“आम्ही दोन महिने विचारत होतो,” दिगंबरराव म्हणाले. “तुमच्याच ऑफिसात.”

“तक्रारी तिकडं असतात,” तारामतीनं काचेच्या भिंतीकडं बोट केलं. भिंतीपलीकडं, दहा पावलांवर, काउंटरवरचा तोच माणूस बसला होता.

तिनं त्याला बोलावलं. त्यानं आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडं वळवला. “ये कंप्लेंट तो बंद है सर. देखो. ग्राहक संतुष्ट. पांच में पांच.”

दिगंबररावांनी हळूहळू मान वळवून बायकोकडं पाहिलं.

“त्यांनी समाजकार्याचं विचारलं होतं,” कुसुमबाई म्हणाल्या. “पुस्तकांचं नाही.”

“आणि तू पाच दिलेस.”

“अहो, मग काय देऊ? काम चांगलंच आहे त्यांचं.”

“पुस्तकं हरवली त्यांच्याकडून!”

“ते वेगळं नाही का? तुम्हीच म्हणाला होतात, संडास वेगळे आणि सामान वेगळं.”

 काउंटरवरचा माणूस दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. तारामती म्हणाली, “बाई, मी आत्ताच्या आत्ता कार्यक्रम रद्द करते. साहेबांना मी सांगते.”

कुसुमबाईंच्या डोळ्यांपुढं गळकं छत आलं, इंदुताईंचा चेहरा आला. रद्द कर, असं म्हणवेना. करू नकोस, असंही म्हणवेना.

“होऊ दे कार्यक्रम,” दिगंबरराव म्हणाले. “बघू तर खरं, माझ्या बापाची पुस्तकं मला कोण कशी भेट देतंय.”

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. टेबलावर पुस्तकं मांडली होती, मागं निळा पडदा. मोठे साहेब हसतमुख गृहस्थ होते. ते इंग्रजीत बोलले, मग एका फोटोग्राफरनं त्यांचा मुलींबरोबर फोटो काढला. दिगंबरराव शेवटच्या रांगेत पालकांमध्ये बसले होते. कुसुमबाईंचं नाव पुकारलं गेलं.

त्यांच्या हातात लिहिलेला कागद होता. त्यावर नुसते आभार होते. त्यांनी तो एकदा पाहिला आणि घडी घातली.

“या कंपनीनं आपल्या मुलींसाठी जे केलं, ते मी विसरणार नाही,” त्या म्हणाल्या. “नववीतली मुलगी इथं चक्कर येऊन पडली होती. आता कुणी पडत नाही. त्याचे आभार मी मनापासून मानते. पण या टेबलावरची जुनी पुस्तकं कंपनीची नाहीत. ती माझ्या सासऱ्यांची आहेत. आमच्या सामानातून यांच्याकडून हरवली. आम्ही विचारत राहिलो, कुणी उत्तर दिलं नाही, आणि आता ती आम्हालाच भेट म्हणून आलीत. मला कंपनीचे आभारही मानायचेत आणि कंपनीची तक्रारही करायचीय. त्यातलं आधी काय करावं, ते मला काल दुपारपासून कळलेलं नाही. अजूनही कळत नाही. एवढंच.”

 मुली एकमेकींकडं बघू लागल्या. इंदुताईंनी डोळे मिटून घेतले. आणि मोठे साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सगळ्या भाषणातले त्यांना ‘कंपनी’ आणि ‘आभार’ एवढेच शब्द कळले होते. साहेब उठले म्हणून त्यांची माणसं उठली, ती उठली म्हणून मुलांनीही टाळ्या वाजवल्या. कुसुमबाई माइकपाशी तशाच उभ्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चार लोकांत कुणाला खडसावलं होतं, आणि त्याबद्दल टाळ्या पडत होत्या. शेवटच्या रांगेत दिगंबररावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ते हसत होते की काय, ते दिसत नव्हतं.

साहेबांनी शेजारी बसलेल्या तारामतीला काहीतरी विचारलं. ती हळू आवाजात बोलू लागली. कुसुमबाईंना वाटलं, ही काहीतरी गुळमुळीत सांगून टाकेल. पण तारामती बोलत राहिली आणि साहेबांच्या टाळ्या थांबल्या, हसू ओसरलं. त्यांनी टेबलावरचं एक जुनं पुस्तक उघडून पाहिलं. मग ते माइककडं आले आणि दोन्ही हात जोडून हिंदीत म्हणाले की आमच्याकडून चूक झाली, मी शरमिंदा आहे. इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढं त्यांचा आवाज चढला. ते म्हणाले, भालकीकर परिवाराचं मन किती मोठं, आपली हरवलेली पुस्तकं त्यांनी शाळेलाच दिली, त्यांच्यासाठी जोरदार टाळ्या!

पुन्हा टाळ्या पडल्या, मघापेक्षा जोरात.

“मी कुठं दिली?” दिगंबरराव शेजारच्या पालकाला म्हणाले.

ते उठून टेबलापाशी गेले. सगळी पुस्तकं आत्ताच्या आत्ता पिशव्यांत भरायची, असं त्यांनी ठरवलंच होतं. पण तिथं मुलींचा घोळका जमला होता. एक मुलगी कादंबरीचं शेवटचं पान डोळ्यांजवळ धरून अडखळत वाचत होती.

“सर, इथं कुणीतरी लिहिलंय, अपील व्हावं. अपील म्हणजे काय?”

दिगंबररावांनी सांगायला सुरुवात केली. अपील सांगायचं तर आधी कोर्ट सांगावं लागलं, कोर्ट सांगताना त्या बाईची गोष्ट सांगावी लागली. मुली म्हणाल्या, मग पुढं झालं का अपील? तासाभरानं कुसुमबाई पाहायला आल्या तेव्हा ते बाकावर बसलेले होते आणि सातआठ जणी समोर. कंपनीची माणसं निळा पडदा गुंडाळून केव्हाच गेली होती.

शेवटी त्यांनी आठ पुस्तकं निवडून घेतली, ज्यांत अप्पारावांचं लिखाण सगळ्यांत दाट होतं ती. बाकीच्यांची यादी केली आणि तिच्यावर इंदुताईंची सही घेतली. “दान नाही हे,” ते त्यांना म्हणाले. “वाचायला ठेवतोय. मी परत येईन तेव्हा नेईन.”

“बरं बरं,” इंदुताई म्हणाल्या. छताच्या काळजीनं त्यांचं लक्ष धड नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या एका तेलुगू पेपरात फोटो आला. शेजाऱ्यानं वाचून दाखवलं की सुलतान बाजारच्या एका घराण्यानं कंपनीच्या मदतीनं शाळेला ग्रंथालय दिलं. अभिनंदनाचे फोन आले. कुसुमबाई पहिल्या दोघांना खरी हकीकत सांगत बसल्या. तिसऱ्याला नुसतं थँक्यू म्हणाल्या.

तारामतीनं ती तक्रार पुन्हा उघडली आणि स्वतःच्या हातानं मराठीत माफीचं पत्र लिहून पाठवलं. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका होत्या. कुसुमबाईंचा हात सवयीनं लाल पेनाकडं गेला होता. महिन्याभरानं कळलं की तिला समाजकार्यातून काढून काचेपलीकडं, तक्रारींच्या विभागात टाकलं. ती शिक्षा होती की बढती, ते तिलाही नक्की सांगता येईना. “पगार तोच आहे, बाई. पण आता सगळे फोन मीच घेते.”

आणि डिसेंबरात कंपनीनं शाळेचं छत करून दिलं. चांगलं केलं, मजबूत.

“आता तूच सांग कुसुम,” इंदुताई नव्या छताखाली उभ्या राहून म्हणाल्या, “तू बोललीस म्हणून केलं यांनी, की बोललीस तरीही केलं?”

कुसुमबाईंनी वर पाहिलं. 

त्याच सुमाराला पाचवीतल्या एका मुलीची आई, सुशीलाबाई, त्यांना शाळेच्या फाटकात भेटली. घर बदलायचं होतं. “बाई, तुम्हाला त्या निळ्या ट्रकवाल्यांची चांगली माहिती आहे म्हणतात. भरवसा ठेवावा का?”

कुसुमबाईंनी हातातल्या वह्या दुसऱ्या हातात घेतल्या.

“माणसं वाईट नाहीत,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण खोक्यावर नाव चिठ्ठीत लिहू नका. खोक्यावरच लिहा, मोठ्या अक्षरात. आणि गाडीबरोबर घरातलं कुणीतरी बसा.”

“म्हणजे द्यावं काम की नको?”

“ते तुम्ही ठरवा बाई. मी ठरवलं होतं एकदा.”

नाताळच्या सुट्टीत दिगंबरराव चार दिवस येऊन गेले. निघताना कुसुमबाई त्यांना पोचवायला नामपल्ली स्टेशनवर आल्या. गाडी लागलेली होती. पिशवी बर्थखाली सरकवून ते खिडकीशी बसले.

“एक विचारू?” ते म्हणाले. “तू माफ केलंस का त्यांना?”

“छत चांगलं झालंय.”

“ते नाही विचारलं मी.”

“ठाऊक आहे,” कुसुमबाई म्हणाल्या. “एखाद्या माणसावर राग धरायचा असतो तेव्हा त्याचं तोंड आठवतं. यांचं कुणाचं तोंड आठवू? साहेबांचं आठवावं तर ते हात जोडून उभे. तारामतीचं आठवावं तर ते पोर रडवेलं. काउंटरवरचा माणूस तर मला अम्मा म्हणतो. राग आहे हो. पण ठेवू कुठं?”

गाडीला धक्का बसला. दिगंबररावांनी खिडकीतून हात बाहेर काढून कुसुमबाईंच्या हातावर क्षणभर ठेवला. गाडी पुढं सरकली. कुसुमबाई शेवटचा डबा जाईपर्यंत उभ्या होत्या. मग त्या बाहेर आल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, “कोठी चलते क्या?”